हेम्प गमी: आईला सांगलीला बाटली न्यायची आहे, काय सांगू?

गवतीचहा, डॅलस
१६ जानेवारी २०२६

राम राम मंडळी. फार दिवसांनी धागा काढतेय. लांबलाय, पण शेवटपर्यंत वाचा.

आई (वय ७१) सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलीये. गुडघे दुखतात, झोप लागत नाही, दोन्ही जुनी दुखणी. शेजारच्या अमेरिकन आजींशी तिची बागेतून मैत्री जमली. भाषेचा पत्ता नाही, पण भोपळ्याच्या बिया इकडून तिकडे जातात. त्या आजींनी तिला झोपेसाठी एक बाटली दिली. तीस गमी (चघळायच्या जेलीच्या गोळ्या), प्रत्येकीत १० मिग्रॅ डेल्टा-९ (टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं रसायन). वर मोठ्या अक्षरात 'हेम्पपासून बनवलेले, फेडरल कायद्यानुसार वैध'. माझ्या मुलाने आईला हेम्पचा अर्थ शोधून दिला, तर शब्दकोशात निघाला 'ताग'. आई खूश. तागाचं काहीतरी गावठी औषध दिसतंय म्हणाली.

पहिल्या रात्री अर्धी घेतली, मस्त झोपली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या रात्री अख्खी घेतली, तासाभरात काही झालं नाही म्हणून आणखी एक. रात्री दीडला हाक आली, "अगं, भिंत जवळ येतीय." नाडी १३०, घशाला कोरड, हात थंड. इमर्जन्सीत नेलं, सहा तास मॉनिटर लावून बसवलं, सकाळी घरी सोडलं. आता ठणठणीत आहे.

खरी गंमत पुढे. तीन आठवडे झाल्यावर आईच म्हणते, "मी जास्त खाल्ली ही माझी चूक. अर्धीनं झोप फार चांगली लागली. फेब्रुवारीत जाताना ती बाटली दे बांधून, अक्काला पण देईन थोडी."

प्रश्न तीन. ही गोष्ट पेट्रोलपंपावर उघड विकायला वैध कशी? थोड्या प्रमाणात खरंच सुरक्षित आहे का? आणि भारतात नेता येईल का?

लिमलेट
आधी आईंना सांभाळा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. विस्ताराने सांगणारे येतीलच.

उंडगा
अक्का पण? सांगलीत भिशीचा ग्रुप फार रंगणार असं दिसतंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (हलके घ्या.)

सावळागोंधळ, न्यू जर्सी
पहिला प्रश्न माझ्या धंद्यातला आहे (रसायनशास्त्र, पण हे उद्योग नाही करत), म्हणून सविस्तर लिहितो.

हेम्प आणि गांजा ही दोन झाडं नाहीत. झाड एकच, भांगेचं. फरक कायद्याने केलाय. अमेरिकेच्या २०१८च्या फार्म बिलात (शेतीविषयक कायद्यात) लिहिलं, की वाळलेल्या वजनावर डेल्टा-९ टीएचसी ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नसेल तर ते झाड, त्याचा अर्क आणि त्यापासून निघणारं सगळं हेम्प. हा ०.३ आकडा तरी कुठला? अर्नेस्ट स्मॉल नावाचे कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांनी १९७६ साली वर्गीकरणाच्या सोयीसाठी एक रेघ ओढली आणि ती मनमानी आहे असं स्वतःच लिहून ठेवलं. नशा चढते की नाही याच्याशी त्या रेघेचा संबंध नव्हता.

आता शाळेतलं गणित. ४ ग्रॅमची गमी, तिचे ०.३ टक्के म्हणजे १२ मिग्रॅ. म्हणून काकूंच्या गमीत १० मिग्रॅ असूनही ती 'हेम्प'च. ३५५ मिलीचा डबाबंद पेयाचा कॅन घेतला तर त्याच टक्क्यात १००० मिग्रॅच्या वर बसतं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर शेतातलं वाळलेलं पीक होतं. विकणाऱ्यांनी तेच टक्के साखर, जिलेटिन आणि पाण्याच्या वजनावर लावले. तुलनेसाठी सांगतो, गांजा पूर्ण वैध असलेल्या कॅनडात खाण्याच्या एका पाकिटात एकूण १० मिग्रॅची मर्यादा आहे. तुमच्या एका बाटलीत कॅनडातली तीस पाकिटं आहेत.

हा झाला सरळमार्गी माल. दुसरा प्रकार म्हणजे डेल्टा-८. झाडात ते नगण्य असतं. हेम्पमधून सीबीडी (त्यातलंच, पण नशा न आणणारं रसायन) काढायचं, द्रावकात विरघळवायचं, आम्ल घालून तापवायचं, की रेणूतला एक दुहेरी बंध सरकतो आणि टीएचसीची भावंडं तयार होतात. प्रयोगशाळेत नीट केलं तर नीट होतं. गॅरेजमध्ये केलं तर आम्ल, द्रावक आणि नाव-गाव नसलेले उपपदार्थ त्यातच राहतात. माणसाने ते आजवर कधी खाल्लेले नाहीत, त्यामुळे काय होईल याचा अंदाज कुणालाच नाही.

भिंगरी
म्हणजे वडापाव ०.३ टक्के तिखट म्हणून विकायचा आणि वजन बेसनासकट मोजायचं. कळलं.

सावळागोंधळ, न्यू जर्सी
@भिंगरी, माझा अख्खा प्रतिसाद एका ओळीत उरकलात. _/\_

कडवेवाल, मिनियापोलिस
इथे सगळ्यांचा सूर लगेच 'बाप रे गांजा' असा लागतोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या मिनेसोटात १ जुलै २०२२ पासून हेम्पचे खाद्यपदार्थ आणि पेयं रीतसर वैध आहेत. एका वेळचं माप ५ मिग्रॅ, पाकिटात ५० मिग्रॅ, वय २१ च्या वर. मी बिअर सोडून शुक्रवारी संध्याकाळी एक कॅन घेतो. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नाही, बायको खूश, पोट कमी. दारूने किती घरं बसली ते मोजा आणि मग बोला. तुमच्या आईंचा त्रास मापाचा होता, पदार्थाचा नव्हे. दोन पेग व्हिस्की पहिल्यांदा घेतली असती तरी इमर्जन्सीच गाठावी लागली असती.

लिमलेट
दारूच्या बाटलीवर 'तागाचं सरबत' लिहिलेलं नसतं हो. काकूंना आपण काय खातोय हे माहीत होतं का? माझा आक्षेप तिथेच आहे.

कडवेवाल, मिनियापोलिस
@लिमलेट, हा मुद्दा मान्य. पण म्हणूनच बंदी नको, नियम हवेत. टेक्सासने नियमच केले नाहीत आणि मग बोंब मारली.

गवतीचहा, डॅलस
टेक्सासबद्दल सांगते, कारण आता रोज वाचतेय. विधानसभेने सरसकट बंदीचं बिल मंजूर केलं होतं, गव्हर्नर अ‍ॅबट यांनी २२ जून २०२५ला व्हेटो वापरून ते अडवलं. दारूसारखे नियम करा म्हणाले. त्यानंतर सप्टेंबरात कुठे २१च्या खालच्यांना विक्री बंद झाली. म्हणजे मागच्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला राज्याच्या कायद्याने ही बाटली विकत घेता आली असती! आणि मी घरात खोकल्याचं औषध कुलपात ठेवते.

रात्रपाळी, ओहायो
मी इमर्जन्सीत नर्स आहे. काकूंची गोष्ट मला आठवड्याला दिसते, फक्त आजी बदलतात. 'दुसरी गोळी' हाच यातला सगळ्यात मोठा घोटाळा आहे.

ओढलेला धूर मिनिटांत मेंदूत पोचतो. खाल्लेलं आधी आतड्यातून यकृतात जातं, तिथे टीएचसीचं दुसऱ्या एका रसायनात रूपांतर होतं, तेही तितकंच कडक, आणि मग असर दिसतो. याला अर्धा तास ते दोन तास लागतात. शिखर त्यानंतर. पोटात काय आहे त्यावर हे वेळापत्रक रोज बदलतं. तासाभराने 'काहीच होईना' म्हणून दुसरी घेतली, की दोन्ही एकदम दारात. काकूंनी २० मिग्रॅ घेतले. इथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने अभ्यासासाठी ठरवलेलं एक माप ५ मिग्रॅचं आहे. म्हणजे आयुष्यात दुसऱ्यांदा घेणाऱ्या ७१ वर्षांच्या बाईने एका रात्रीत चार मापं घेतली.

कडवेवाल, तुमचं व्हिस्कीचं उदाहरण इथे फसतं. दोन पेग चढले की माणसाला तिथल्या तिथे कळतं. इथे कळेपर्यंत जे व्हायचं ते गिळून झालेलं असतं.

वयस्कर माणसांत मला भीती वाटते ती पडण्याची. टीएचसीने उभं राहताना रक्तदाब उतरतो. त्यात आधीच बीपीची गोळी चालू असेल, तर रात्री बाथरूमला उठताना चक्कर आणि खुब्याचं हाड. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर आणखी गुंता, कारण सीबीडी यकृतात त्या औषधाची वाट अडवतं आणि रक्त हवं त्यापेक्षा पातळ होतं. गमीमध्ये दोन्ही असू शकतात.

आणि लहान मुलं. अस्वलाच्या आकाराची लाल गोळी दिसल्यावर चार वर्षांचं पोर एकावर थांबत नाही. ती मुलं गुंगतात, उठवता उठत नाहीत, कधी कधी श्वास मंदावतो. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध खात्याने) डेल्टा-८ बद्दलचे आकडे दिले होते: जानेवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या चौदा महिन्यांत विष-नियंत्रण केंद्रांकडे २३६२ प्रकरणं, त्यातली ४१ टक्के अठराच्या खालची. घरात असं काही झालं तर गुगल करत बसू नका. इथला पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, फुकट. पोलीस येत नाहीत, घाबरू नका. इमर्जन्सीत आलात तर काय खाल्लंय ते खरं सांगा. आपले लोक 'बहुतेक अ‍ॅसिडिटी' म्हणून सांगतात आणि आम्ही दोन तास हृदयविकार शोधत बसतो.

गवतीचहा, डॅलस
@रात्रपाळी, 'बहुतेक अ‍ॅसिडिटी' हेच मी सांगितलं होतं. कारण मला दुसरं काही माहीतच नव्हतं. बाटली सकाळी उशीखाली सापडली. बीपीची गोळी चालू आहे, वॉरफरिन नाही.

उंडगा
उशीखाली! काकू मुरलेल्या आहेत.

वऱ्हाडी_ठेचा, नागपूर
काऊन एवढं घाबरून राहिले बाप्पा? आमच्याकडं महाशिवरात्रीले घरोघरी भांग घोटते. बदाम, खसखस, मिरे, बडीशेप. आमचा आजा नव्वद वर्षं जगला, दरसाल प्यायचा. एकदा जावईबापूंनी दोन गिलास जास्त घेतले अन् रात्रभर पायरीवर बसून पायरी मोजत होते. एकच पायरी. सकाळी बरे.

काळाकोट, पुणे
वकिली चष्म्यातून लिहितो. हा सल्ला नव्हे, माहिती आहे.

वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या आजोबांची भांग आणि काकूंची गमी या भारतीय कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात चरस म्हणजे राळ, गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, आणि या दोन्हींपासून केलेलं कुठलंही मिश्रण वा पेय, एवढं येतं. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग पानांची, म्हणून ती या कायद्यातून निसटते. २०२२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात हेच म्हटलं होतं. पण निसटली म्हणजे सुटली नाही. ती राज्यांच्या अबकारी कायद्यात सापडते. उत्तर प्रदेश, राजस्थानात सरकारमान्य दुकानं आहेत. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागतो आणि त्यात परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हा आहे. नागपूर महाराष्ट्रातच येतं, एवढंच सुचवतो.

आता गमी. ती पानांची घोटलेली भांग नाही, शुद्ध केलेलं टीएचसी आहे. एनडीपीएसच्या परिशिष्टात टीएचसी मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांत नावानिशी आहे, आणि त्याच्या भावंडांची यादीही आहे. डेल्टा-८ आहे, डेल्टा-९ आहे, डेल्टा-१० पण आहे. अमेरिकेत ज्या फटीतून डेल्टा-८ बाहेर पडलं ती फट आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वीच बुजवलेली आहे. देशात आणणं हा स्वतंत्र गुन्हा, कलम २३. अगदी थोडं असलं तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, प्रमाण वाढलं की शिक्षा चढत जाते.

प्रमाण कसं मोजतात हे ऐका, इथे भले भले फसतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२०मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं, की अमली पदार्थ आणि त्यात मिसळलेला निरुपद्रवी पदार्थ यांचं एकत्र वजन धरायचं. तीस गमी म्हणजे टीएचसी ३०० मिग्रॅ, पण साखर-जिलेटिनसकट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. भिंगरीताईंचा वडापाव इथे उलटा फिरतो. अमेरिकेत बेसन धरल्यामुळे सुटलात, इथे बेसन धरल्यामुळे अडकाल.

आणि बाटलीवरचं 'हेम्प' हे लेबल दाखवून कस्टमवाल्याला पटवू म्हणत असाल, तर आपल्या कायद्यातच कॅनाबिस शब्दापुढे कंसात 'हेम्प' असं छापलेलं आहे. तुम्ही बाटलीवर कबुलीजबाब चिकटवून आणताय.

बँकॉकहून येणाऱ्या हायड्रोपोनिक गांजाच्या बॅगा मुंबई विमानतळावर सतत पकडल्या जात असल्यामुळे सामानावर नजर आहेच. विमान आखातातून बदलणार असाल तर तिथला कायदा वेगळा. सत्तरीच्या बाईने अजाणता आणलं हे कोर्टात कदाचित पटेलही. पण ते पटवायला लागणारे महिने काकूंनी कुठे काढायचे, याचा विचार करा.

भिंगरी
'नागपूर महाराष्ट्रातच येतं' :D :D

वऱ्हाडी_ठेचा, नागपूर
आजा गेला वारून, आता धरा त्याले.

नदीकाठ, सांगली
भावा, काकी आमच्या सांगलीच्या म्हणून लिहितोय. काकींना सांगा, इथं झोप येत नसंल तर औदुंबरला संध्याकाळी घाटावर नेऊन बसवतो. बाटली नको.

शब्दवेडा, ठाणे
अवांतर: तो 'ताग' शब्दकोशातून आला हे वाचून राहवलं नाही. इंग्रजीत दोरखंडाच्या कुठल्याही झाडाला हेम्प चिकटवायची खोड आहे. सन हेम्प म्हणजे आपला बोरूचा ताग, डेक्कन हेम्प म्हणजे अंबाडी. या झाडांचं भांगेशी काही नातं नाही. म्हणून शब्दकोशात हेम्पसमोर ताग, अंबाडी, भांग सगळं एका रांगेत बसतं. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या खाऊन कुणी भिंत जवळ आलेली पाहिली नाही.

आणखी एक. हा वाद नवा नाही. इंग्रजांनी १८९३-९४ला इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं, गावोगाव फिरून हजाराच्या वर साक्षी नोंदवल्या. निष्कर्ष असा, की माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, अति केल्याने बिघडतं, आणि बंदी घालण्यापेक्षा कर आणि परवाने ठेवा. कडवेवाल यांचा प्रतिसाद तेव्हाच लिहून झाला होता.

कडवेवाल, मिनियापोलिस
वा! एकशे तीस वर्षांपूर्वीचं +१. कमिशनला माझा नमस्कार.

रात्रपाळी, ओहायो
कमिशनने गमी पाहिली नव्हती. घोटलेल्या पानांत किती आहे ते चवीवरून, रंगावरून घोटणाऱ्याला कळायचं. स्ट्रॉबेरीच्या वासातून काही कळत नाही.

पहाडी_मराठा, डेहराडून
हेम्पच्या बियांवर अन्याय नको. बियांत नशा नसते. कुमाऊंत भांगेच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते, भाजून वाटायच्या, लिंबू, मीठ, मिरची. एफएसएसएआयने (भारताच्या अन्नसुरक्षा खात्याने) नोव्हेंबर २०२१मध्ये हेम्पच्या बिया, तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलंय, टीएचसीची मर्यादा नगण्य, बियांत किलोला ५ मिग्रॅ. उत्तराखंडात परवाना घेऊन शेतीही होते. तेव्हा दुकानात 'हेम्प' दिसलं की किंचाळू नका, मागची बाजू वाचा. बी की अर्क, एवढंच बघा.

कोपरखळी
मला तर हे सगळं दारू आणि औषध कंपन्यांचं कारस्थान वाटतं. झाड आहे, निसर्गाने दिलंय. निसर्गाचं काय वाईट असतं?

सावळागोंधळ, न्यू जर्सी
@कोपरखळी, धोतराही निसर्गानेच दिलाय. एक बी खाऊन या, मग बोलू. (नका खाऊ. खरंच नका खाऊ.)

शिवाय डेल्टा-८, एचएचसी (टीएचसीचं आणखी एक भावंड) हे निसर्गाने दिलेलं नाही, भांड्यात शिजवलेलं आहे. एक बंद केलं की रेणूला एक शेपूट जोडून दुसरं बाजारात येतं. टीएचसी-ओ नावाचं एक होतं, वेपमध्ये (ई-सिगारेटमध्ये) तापवलं तर त्यातून कीटीन नावाचा फुप्फुसाला घातक वायू निघू शकतो असं रसायनतज्ज्ञांनी दाखवलं. २०१९ला अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं निकामी झाल्याची जी साथ आली, तिच्यात फेब्रुवारी २०२०पर्यंत ६८ माणसं गेली. त्यातही मुख्य संशयित काळ्या बाजारातल्या गांजाच्या वेपमध्ये घातलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होतं. खायला बरं म्हणून ओढायला बरं असं नसतं.

टोकियोकर
रेणूला शेपूट हे वाचून आठवलं. नोव्हेंबर २०२३ला इथल्या एका बागेतल्या उत्सवात कुणीतरी गमी वाटल्या, खाऊन लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यात एचएचसीएच होतं. तोवर ते बेकायदा नव्हतं! कारण त्याच्या आधीचं एचएचसी बंद केलेलं होतं, हे नव्हतं. २ डिसेंबरपासून तेही बंद. म्हणजे सरकार मागे आणि शेपूट पुढे. ऑफिसात त्या आठवड्यात कुणीही आणलेला खाऊ कुणी खाईना, माझ्या चकल्याही परत आल्या.

एच१बीचा_बळी, ऑस्टिन
कुणी व्हिसाचा मुद्दा काढला नाही म्हणून लिहितो. लघवीच्या तपासणीत टीएचसी गांजाचं की हेम्पचं, हे कळत नाही. डेल्टा-८ घेतलं तरी साधारणपणे पॉझिटिव्हच येतं. माझ्या ओळखीतल्या एकाची नवी नोकरी जॉइनिंगच्या आधी गेली. पेट्रोलपंपावरची पावती दाखवली, एचआर म्हणे सॉरी. नोकरी गेली म्हणजे एच१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) दुसरी शोधायला साठ दिवसांचं घड्याळ सुरू.

नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्यांनी आणखी जपावं. राज्यात गांजा वैध असला तरी फेडरल कायद्याने तो गुन्हाच, आणि त्यामुळे 'चांगलं चारित्र्य' नाकारलं जाऊ शकतं असं इमिग्रेशन खात्याने २०१९ला स्पष्ट लिहिलंय. हेम्प त्यात बसत नाही असं वाद घालता येईल. पण बाटलीत लेबलपेक्षा जास्त निघालं, तर तो हेम्प राहत नाही. तुमचं स्टेटस त्या गॅरेजवाल्याच्या वजनकाट्यावर टांगलेलं.

भिंगरी
ऐकून झोप उडाली. आता मलाच गमी लागेल.

लिमलेट
लेबलवर विश्वास कितपत ठेवायचा? क्यूआर कोड असतो ना बाटलीवर?

सावळागोंधळ, न्यू जर्सी
असतो. स्कॅन केला की प्रयोगशाळेचा दाखला उघडायला हवा. त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्याशी जुळतो का ते आधी बघा, बऱ्याचदा तिथेच खेळ संपतो. मग नुसतं टीएचसी किती ते नको, उरलेले द्रावक, जड धातू, कीटकनाशकं यांच्या तपासण्या आहेत का ते पाहा. फुलं विकत असतील तर टीएचसीएचा आकडा शोधा. ते तापवलं की टीएचसी होतं, म्हणून त्याला ०.८७७ने गुणून डेल्टा-९मध्ये मिळवायचं. कित्येक 'हेम्प' फुलं या बेरजेत सरळ गांजा निघतात. आणि हे सगळं जुळलं तरी आकडे छान देणारी लॅब शोधून तिच्याकडेच नमुने पाठवणारे महाभाग आहेत. काकूंच्या बाटलीचा कोड टाकून बघा बरं.

गवतीचहा, डॅलस
टाकला. सुट्टीच्या रिसॉर्टची जाहिरात उघडली. फ्लोरिडातलं.

उंडगा
भिंत जवळ येते, समुद्र पण येतो.

काळाकोट, पुणे
हसून झालं असेल तर मूळ प्रश्नाकडे येऊ. 'फेडरल वैध' हे लेबल अमेरिकेतही आता थोड्याच दिवसांचं पाहुणं आहे ना?

सावळागोंधळ, न्यू जर्सी
हो, राहिलंच. १२ नोव्हेंबर २०२५ला ४३ दिवसांचं शटडाउन (सरकारी कामकाज बंद) संपवणारं जे बिल मंजूर झालं, त्यात हेम्पची व्याख्या बदलली आहे. आता नुसतं डेल्टा-९ न धरता एकूण टीएचसी मोजायचं. कारखान्यात रूपांतर करून बनवलेले रेणू बाहेर. आणि तयार मालाच्या एका डब्यात टीएचसी ०.४ मिग्रॅपेक्षा जास्त नको. टक्के गेले, सरळ मिलिग्रॅम आले. एका वर्षाची मुदत आहे, म्हणजे नोव्हेंबर २०२६मध्ये हे लागू. यासाठी जोर लावणारे सिनेटर मॅककॉनेल, २०१८ला हेम्प वैध करण्यात पुढे असलेलेही तेच.

कडवेवाल, मिनियापोलिस
तोच तर माझा संताप आहे. आमचा ५ मिग्रॅचा कॅन त्या मर्यादेच्या साडेबारा पट. नियम पाळून, वय तपासून, कर भरून विकणारे छोटे ब्रूअर आणि क्यूआर कोडवर रिसॉर्ट दाखवणारा भामटा, दोघांना एकच फटका. भामटा नाव बदलून परत येईल, ब्रूअर येणार नाही.

रात्रपाळी, ओहायो
यावर मात्र सहमत. कॅनमध्ये ५ लिहिलं की ५च निघत असेल, तर माझी रात्रपाळी हलकीच होते.

लिमलेट
कडवेवाल आणि रात्रपाळी सहमत. धाग्याचं सार्थक झालं. पण गवतीचहा, आईंना सांगितलंत का?

गवतीचहा, डॅलस
आत्ताच सगळा धागा तिला वाचून दाखवला, काळाकोटांचा प्रतिसाद दोनदा. आधी गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्या बाईनं मला गांजा खायला घातला आणि मी तिला पुरणपोळी दिली?" मग स्वतःच हसायला लागली. वऱ्हाडी_ठेचांच्या पायरीवाल्या जावयाचं तिला फार पटलं.

बाटली न्यायची नाही हे ठरलं. शेजारच्या आजींना परत देणार होते, पण त्यांच्याकडे दुपारी नातवंडं असतात. म्हणून रात्रपाळी, तुम्हाला विचारते, टाकायची कशी? कचऱ्यात तशीच टाकली आणि कुणी उचलली तर?

आणि झोपेचं विचाराल तर आता डॉक्टरांची रीतसर वेळ घेतलीये. तोवर आई रात्री दुधात जायफळ उगाळून घेतेय.

रात्रपाळी, ओहायो
गमी बाटलीतून काढा, वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात कालवा, झिपच्या पिशवीत बंद करून कचऱ्यात. बाटलीवरचं लेबल फाडा.

आणि जायफळ किती उगाळतायत ते बघा. चिमूटभर ठीक. अर्ध्याच्या वर गेलं तर त्यानेही भिंत जवळ येते.

गवतीचहा, डॅलस
...थांबा, बघून येते.